बिननावाचा खलनायक

"वास? कसला वास?" गुंडप्पांनी चहाचा कप नाकाशी नेला, पण श्वास मात्र तोंडानं घेतला. "काही वास न्हाई. चांगला इलायचीचा घमघमाट सुटलाय."

"चहात इलायची टाकलीच न्हाई," त्यांच्या पत्नी नीलम्मा म्हणाल्या.

"मग पत्तीचा असंल."

"राकेलचा हाय, अप्पा," रुद्राणी म्हणाली. "मी तुम्हाला मागंबी सांगितलं. टँकरचं पानी प्यायलो की दिवसभर राकेलच्या ढेकरा येऊन राहिल्यात. काल अव्वानं घागर चुलीपासून लांब ठेवली, भ्या वाटलं म्हणून."

"टँकर नवा रंगवलाय. रंगाचा वास असतो तो," असं म्हणून गुंडप्पांनी तो चहा एका दमात घशाखाली ढकलला. डोळ्यांत पाणी आलं, ते धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि "झकास!" म्हणाले.

आता गुंडप्पांच्या नाकात दोष होता असं समजू नका. नाक शाबूत होतं. उदगिरात कुणाच्या घरी पुरणपोळी झाली हे त्यांना टॉकीजच्या दारात बसून कळायचं. पण हा टँकर होता ईश्वरप्पांचा, आणि ईश्वरप्पांच्या बसवराजला त्यांनी आपली रुद्राणी द्यायचं मनात पक्कं केलं होतं. रविवारी सुपारी फुटायची होती. त्या वर्षी विहिरींचा तळ उघडा पडलेला, नळाला फक्त हवा येत होती, मुली पाहायला आलेले लोकही आधी "तुमच्याकडं पानी किती दिवसाला येतं?" असं विचारत होते. अशा वेळी ज्याच्या दारात टँकर उभा तो जावई कोण सोडेल? ईश्वरप्पांकडं राकेलची एजन्सी पहिल्यापासून होतीच, त्यात टंचाईच्या पाण्याचं कंत्राट मिळालेलं. गुंडप्पांच्या नाकानं त्या दिवसापासून संपच पुकारला होता.

"मला त्या घरी द्यायचं म्हणता, तर आधी त्या पान्याचं बघा की," रुद्राणी म्हणाली.

"पान्याच्या वासावरून कुणी सोयरीक मोडतं का? बसवराज भोळा पोरगा हाय. तुला सुखात ठेवील."

"पोरगा भोळाच हाय. मी त्याला काही म्हणते का?"

"अय्यो शिवने!" नीलम्मांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही बापलेक भांडा. मी शेजारून ताक मागून आणते."

गुंडप्पांची नीलकंठ टॉकीज म्हणजे पत्र्याचं छप्पर, खाली बाकडी आणि वर चार खुर्च्यांची बाल्कनी. एरवी शनिवारी तिथं मुंगीला शिरायला जागा नसायची. पण दुष्काळ पडला आणि अर्धं गाव खडी फोडायला रोजगार हमीवर गेलं. त्यात जिल्हा नवा झाला होता. आम्ही उदगीरकरांनी, किल्ला असलेल्या, रेल्वे असलेल्या, धान्याची पेठ असलेल्या गावाच्या लोकांनी, काय काय मनसुबे रचले होते ते सांगून आता उपयोग नाही. जिल्ह्याचं ठाणं झालं लातूर. आमच्या वाट्याला आलं ते एवढंच की पाट्यांवरचं जुनं नाव खरवडून नवं लिहा, आणि लातुराहून नवा साहेब आला की त्याला हार घाला. जाऊ द्या, तो विषय निघाला की आमचं रक्त अजून तापतं.

तर शनिवारी ईश्वरप्पा पिक्चरला येणार होते. बसवराज येणार होता, आणि ईश्वरप्पांनी सोबत लातूरचे नवे पुरवठा साहेबही आणायचं ठरवलं होतं. नवा साहेब आला की त्याला जीपमध्ये घालून गावभर फिरवायचं, हा ईश्वरप्पांचा शिरस्ता होता. व्याह्यांपुढं छाप पडायला हवी म्हणून गुंडप्पा घाईला आले.

"इंग्रजी पिक्चर मागवा, अप्पा," रुद्राणी म्हणाली. "साहेब लोकांना इंग्रजीच लागतो."

पोरगी कॉलेजात बी.ए.ला इंग्रजी घेऊन बसली होती, म्हणजे तिला कळत असणारच. नांदेडच्या फिल्म एजंटला फोन लागला. त्यानं तिकडून दोन-चार नावं वाचली, ती गुंडप्पांच्या कानाला काही लागेनात, म्हणून फोन रुद्राणीच्या हातात दिला. तिनं एजंटला एकेका पिक्चरची गोष्ट विचारली आणि त्यातला एक निवडला. एजंट इतका खूष झाला की गुंडप्पांना तेव्हाच शंका यायला हवी होती. तो पिक्चर त्याच्याकडं कैक महिने पडून होता. नांदेडनं नाकारलेला, देगलूरनं अर्ध्यातून परत पाठवलेला. जगातल्या तेलाच्या राजकारणावरचा, एकही गाणं नसलेला, कोटटाय घातलेली माणसं खोल्याखोल्यांतून हळू आवाजात बोलतात असला तो पिक्चर होता. पोस्टरवर मात्र एक उंट, एक जहाज आणि मागं मोठा जाळ. गुंडप्पांनी पोस्टर पाहिलं आणि म्हणाले, "जाळ हाय म्हणजे चालंल."

इंग्रजी पिक्चर असला की नीलकंठ टॉकीजमध्ये रामकिशन सर माइकवर बसत. सर हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. पडद्याच्या बाजूला खुर्ची, हातात माइक, आणि पिक्चर चालू असताना सर आपल्या भाषेत गोष्ट सांगणार. आता ते जॉन न् टॉम न् रॉबर्ट कुणाच्या ध्यानात राहणार? म्हणून सरांनी पहिल्यापासून रिवाज पाडला होता. पडद्यावरच्या माणसांना गावातली नावं द्यायची. नायक कायम मारोती, म्हणजे आमच्या टॉकीजचा मशीनवाला. नायिका कायम चांगुणा, म्हणजे खुद्द सरांची बायको. त्यामुळं चुंबनाचा प्रसंग आला की सर माइक बंद करून खोकत बसायचे.

राहिला खलनायक. एकदा सरांनी खलनायकाला आडत्या माणिकप्पाचं नाव दिलं, तर माणिकप्पाची भावकी काठ्या घेऊन टॉकीजवर चालून आली. तेव्हापासून गुंडप्पांनी मोठ्या मनानं खलनायकासाठी स्वतःचं नाव देऊन टाकलं. लोकांना मजा यायची. शेवटच्या मारामारीत सगळं थेटर उभं राहून ओरडायचं, "मार गुंडप्पाला! हाण गुंडप्पाला!" आणि गुंडप्पा गल्ल्यावर बसून हसायचे.

रीळं आली तशी दुपारी मोकळ्या थेटरात एकदा चालवून पाहिली. सर, गुंडप्पा आणि रुद्राणी एवढेच बघायला. सर वही-पेन घेऊन बसले होते. थोड्या वेळानं पेन खिशात गेलं. मग चष्मा पुसला. मग दुसऱ्यांदा पुसला. पडद्यावर एक लठ्ठ माणूस चिरूट ओढत होता, एक मंत्री सही करत होता, एक बाई धावत होती, वाळवंटात कुणीतरी कुणाला तरी गोळी घातली आणि लगेच दुसऱ्याच देशात पार्टी सुरू झाली. कोण कुणाचा, कोण कुणाला फितूर, काही म्हणता काही सरांना कळेना.

"कळला का, सर?" दिवे लागल्यावर गुंडप्पांनी विचारलं.

आता ज्या माणसाला सारं गाव इंग्रजीचा वाघ म्हणतं तो काय म्हणणार?

"सोपाच आहे," सर म्हणाले आणि घाम पुसत बाहेर पडले. वाटेत त्यांनी मनाशी ठरवलं की उद्या डोकं चालवायचं नाही. पडद्यावर जे दिसेल तेवढंच सांगायचं, पाटीवर जे लिहिलं असेल तेवढंच वाचायचं.

संध्याकाळी गुंडप्पांना चहा देताना रुद्राणी म्हणाली, "अप्पा, उद्या खलनायकाला तुमचंच नाव का?"

"मग कुणाचं?"

"न्हाई, मी आपलं म्हणते. इवाई वर बसलेले, साहेब बसलेले, अन् खाली सगळं गाव ओरडणार, मार गुंडप्पाला."

गुंडप्पांनी कप अर्धवटच बशीत ठेवला. व्याह्यांपुढं अशी शोभा होईल, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती! पोरगी शिकलेली असली की असा फायदा होतो, असं नीलम्मांना सांगून ते तसेच चप्पल अडकवून सरांकडं पळाले.

"सर, उद्या माझं नाव घेऊ नका बरं का. इवाई येऊन राहिलेत."

"मग कुणाचं घेऊ?"

"कुणाचंच नको. पुन्हा काठ्या नको. बिननावाचाच ठेवा."

"बिननावाचा खलनायक?" सर विचारात पडले. "असं आजपर्यंत केलं नाही. बघू."

शनिवारी दुपारी तीनच्या खेळाला टॉकीज भरली. खडीवरच्या लोकांना त्या दिवशी सुट्टी होती आणि गुंडप्पांनी व्याह्यांना गर्दी दिसावी म्हणून तिकीट निम्मं केलं होतं. दारात केवळाबाई शेंगांची पाटी घेऊन बसली होती. तेवढ्यात एक टँकर धूळ उडवत आला आणि टॉकीजसमोर उभा राहिला. अंगावर ठळक अक्षरांत 'पिण्याचे पाणी' आणि खाली नव्या जिल्ह्याचं नाव, रंग अजून ओला वाटावा इतका ताजा. ईश्वरप्पांनी ड्रायव्हरला सांगितलं होतं, "साहेबांच्या नजरंला टँकर पडला पायजे. एक आणून टॉकीजपुढं लाव." ड्रायव्हरला जो हाताशी भरलेला दिसला तो त्यानं आणला, लावला आणि पिक्चर बघायला आत बाकड्यावर जाऊन बसला.

"दोन घागरी भेटंल का, दादा?" केवळाबाईनं विचारलं होतं.

"ह्यातलं न्हाई, मावशी," म्हणून तो पुढं गेला. केवळाबाईनं ते लक्षात ठेवलं. शेंगांची पाटी उचलून तीही आत येऊन बसली.

वर बाल्कनीत ईश्वरप्पा, साहेब आणि मधे बसवराज. बसवराज म्हणजे खरोखर गुणाचा पोरगा होता, फक्त पिक्चर लागला की त्याचं भान सुटायचं. पडद्यावर पाऊस पडला तर हा डोक्यावर रुमाल घ्यायचा. गुंडप्पा स्वतः सोड्याच्या बाटल्या घेऊन जिना चढत-उतरत होते.

दिवे गेले. सरांनी माइकवर टिचकी मारली.

"तर मंडळी, हे वाळवंट. लांबलांब पाण्याचा थेंब नाही."

"आमच्या शिवारावानी!" खालून कुणीतरी ओरडलं.

"हा मारोती. हा सरकारी माणूस आहे का नाही, ते पुढं कळेल." सरांना ते अजून कळायचं होतं. "ही चांगुणा. पेपरात लिहिते. आणि हा..." पडद्यावर चिरूट ओढणारा लठ्ठ माणूस आला. "हा शेठ."

"गुंडप्पा आला रे, गुंडप्पा!" सगळ्या थेटरानं शिट्ट्या मारल्या.

"नाही," सर म्हणाले. "हा गुंडप्पा नाही."

शिट्ट्या अर्ध्यातच थांबल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"मग कोन हाय?"

"शेठ आहे. त्याला नाव नाही."

"आसं कसं? बिननावाचा मानूस आसतो का कुठं?"

"सर, भिऊ नका! सांगा कोन हाय ते!"

सरांवर असला प्रसंग कधी आला नव्हता. ते गोंधळले आणि तोंडातून निघून गेलं, "हे बघा, मोठ्या माणसांची नावं अशी माइकवर घ्यायची नसतात."

झालं! सगळं थेटर सावरून बसलं. म्हणजे कुणीतरी मोठा माणूस आहे, गावातलाच आहे, आणि सर नाव घ्यायला घाबरतात. लोक पिक्चर बघायचं सोडून बिननावाच्या माणसाचा शोध घ्यायला लागले.

पुढच्या रिळात मंत्र्याचं ऑफिस आलं. सर दिसेल तेवढंच सांगत होते. "शेठ मंत्र्याला भेटला. मंत्र्यानं सही केली. बाहेर पाटी आहे, दुष्काळ निवारण खातं. म्हणजे दुष्काळी मुलुखाला पाणी पोचवायचं कंत्राट शेठला मिळालं."

"पान्याचं कंत्राट!" खाली कुजबुज झाली. दोन-चार माना वळून बाल्कनीकडं पाहू लागल्या.

"आता हे शेठचं जहाज. जहाजावर लिहिलंय..." सरांनी चष्मा सावरला. "पिण्याचे पाणी."

"अन् पोटात काय हाय?" हा आवाज केवळाबाईचा.

पडद्यावर समुद्रात दोन जहाजं जवळ आली, जाड नळी जोडली गेली आणि त्यातून काळं काळं काहीतरी घळाघळा वाहू लागलं.

"तेल," सर म्हणाले. "खनिज तेल."

"म्हंजे राकेल!"

"राकेल त्यातूनच निघतं." सर शिक्षक पडले, चुकीचं सांगवेना. "आणि आता जहाज सरहद्द ओलांडून चाललंय, तिकडं चढ्या भावानं विकायला."

"बिदरला!" मागून तिघं-चौघं एकदम बोलले. कर्नाटकाची हद्द ओलांडली की मोठं गाव बिदर, आणि ईश्वरप्पांचे टँकर तिकडं जाताना गावानं पाहिलेले.

"अहो, हा परदेश आहे!"

"सरहद्द वलांडली म्हंजे बिदरच की, सर! दुसरं काय हाय तिकडं?"

बाल्कनीत ईश्वरप्पांनी कॉलरचं बटण सोडलं. "साहेब, पिक्चर जरा कंटाळवाणाच हाय. घरी जेवन तयार आसंल. उठावं का?"

"छे छे," साहेब खुर्चीत पुढं सरकून म्हणाले, "आत्ता कुठं रंगत येते आहे."

गुंडप्पा जिन्याच्या मध्यावर सोड्याच्या बाटल्या घेऊन उभे होते. खालच्या माना बाल्कनीकडं वळल्यात हे त्यांनी पाहिलं आणि वर व्याह्यांचा चेहरा पाहिला. उद्याची सुपारी! बाटल्या तिथंच पायरीवर टाकून ते अंधारातून वाकत वाकत सरांच्या खुर्चीपर्यंत गेले.

"सर, त्याला नाव द्या! बिगी बिगी! माझंच द्या!"

"पण तुम्हीच म्हणालात..."

"पाया पडतो, सर! गुंडप्पा म्हणा!"

सरांनी माइक तोंडाशी धरला. "मंडळी, एक सांगायचं राहिलं. या शेठचं नाव गुंडप्पा."

"न्हाई न्हाई न्हाई!" सगळं थेटर गरजलं.

"गुंडप्पाकडं कुठं टँकर हाय?"

"सर, गरिबाला कामून गोवता?"

"गुंडप्पा देवमानूस हाय! त्याच्या घरच्याबी चहाला राकेलचा वास येऊन राहिला!"

इतकी वर्षं मार खाल्ला तेव्हा कुणी एक शब्द बोललं नव्हतं. आज गुंडप्पा हात जोडून खलनायक व्हायला तयार होते, तर गावाला त्यांची दया आली. ते तिथंच पडद्याच्या कडेला खाली बसले.

आणि मग तो प्रसंग आला. जहाज रिकामं झालं. शेठच्या माणसांनी त्याच टाकीत नळी सोडून पाणी भरायला सुरुवात केली. सर म्हणाले, "आता बघा, परत जाताना खरंच पाणी भरून घेतात, म्हणजे तपासणी झाली तरी..."

"आरं, धुतली न्हाई!"

हा आवाज बाल्कनीतून आला. बसवराज उभा राहिला होता. हातातल्या शेंगा सांडल्या होत्या आणि तोंडावर खराखुरा संताप होता.

"टाकी धुतलीच न्हाई की त्यांनी! सर, त्येला सांगा, आधी सोडा टाकून धू म्हनावं! आमी दोन दोन डाव सोड्यानं धुतो, तरी पान्याचा वास जात न्हाई!"

ईश्वरप्पांचा हात पोराच्या तोंडावर पडला, पण वाक्य संपल्यावर पडला. साहेबांनी सावकाश मान वळवून आधी बसवराजकडं आणि मग ईश्वरप्पांकडं पाहिलं. माणसाला कशाचा धक्का बसेल सांगता येत नाही. वास गावाला रोजच येत होता, टँकर रोज दिसत होते, बिदरकडची धूळ रोज उडत होती. पण ते सगळं असं एका वाक्यात, तेही नवऱ्या मुलाच्या तोंडून ऐकल्यावर लोकांची तोंडं उघडी ती उघडीच राहिली.

सगळ्यात आधी केवळाबाई उठली.

"म्हंजे तुमाला ठावं हाय वास येतो ते!" ती बाल्कनीकडं बोट करून ओरडली. "अन् मागं म्या इचारलं तर म्हनं, रंगाचा वास! चला गं बायांनो, त्यो भायेरचा टँकर बघू आधी! म्हनूनच मला 'ह्यातलं न्हाई' म्हनला मेला!"

बाकडी उलटली, पाट्या सांडल्या. बाया पुढं, गडी मागं, आणि मशीन तसंच चालू ठेवून मारोतीही त्यांच्यामागं. केवळाबाईनं टँकरची तोटी पिळली आणि खाली घागर धरली. धो धो धार लागली. निळसर, झुळझुळीत आणि वास असा की पुढची रांग दोन पावलं मागं सरली.

"बिड्या विझवा रे! बिड्या विझवा!" एकच आरडाओरडा झाला. 'पिण्याचे पाणी' या अक्षरांखालून राकेल वाहत होतं. त्यात आतमध्ये मोकळ्या थेटरात रामकिशन सर, आपलं काम सोडायचं नाही म्हणून, रिकाम्या बाकड्यांना सांगत होते, "आणि आता मारोती शेठचं बिंग फोडतो."

साहेब गर्दीतून पुढं आले. बोट भिजवून त्यांनी वास घेतला.

"हा टँकर कुणाचा?"

"पान्याचाच हाय, साहेब," ईश्वरप्पा कसेबसे म्हणाले. "जरा... जरा वास येतो एवढंच."

"वास? कसला वास?"

हे गुंडप्पा बोलले. अगदी सवयीनं तोंडातून निघालं. नंतर त्यांचं त्यांनाच कळलं की आपण काय बोललो. सगळा जमाव वळून त्यांच्याकडं बघायला लागला. केवळाबाईनं घागर त्यांच्या नाकाखाली धरली. बायांच्या घोळक्यात रुद्राणी उभी होती. तीही बापाकडंच बघत होती. गुंडप्पांनी तिच्याकडं पाहिलं, ईश्वरप्पांकडं पाहिलं, उद्याच्या सुपारीसाठी आणलेले नारळ त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. मग कित्येक दिवसांनी पहिल्यांदा त्यांनी नाकानं श्वास घेतला.

त्यांना जोराचा ठसका लागला.

"येतो की हो," ते हळूच म्हणाले. "लई येतो."

रविवारी सुपारी फुटली नाही. टँकरला सील लागलं, एजन्सीला कुलूप लागलं आणि ईश्वरप्पा साहेबांच्या जीपमधून लातूरला गेले. आजवर ते साहेबांना फिरवायचे, त्या दिवशी साहेबांनी त्यांना फिरवलं. बसवराजनं मात्र जाता जाता मारोतीला गाठून विचारलं म्हणे, "शेवटी शेठ सापडला का रे?"

गुंडप्पा सकाळपासून ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. नीलम्मांनी दोनदा चुरमुऱ्यांचा सुशीला पुढं ठेवला, दोनदा तो तसाच उचलून नेला. तेवढ्यात रामकिशन सर आले. तेही रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"गुंडप्पा, माफ करा. मला पिक्चर कळलाच नव्हता. काहीतरी बोलत गेलो, आणि नको ते जुळून आलं."

"न्हाई, सर," आतून रुद्राणी म्हणाली. ती चहाचं आधण ठेवत होती. "तुम्ही एक शब्द चुकीचा सांगितला न्हाई. पिक्चर तसाच हाय. दुष्काळी मुलुखाला पानी द्यायचं म्हणून कंत्राट घ्यायचं, त्या जहाजांतून तेल पळवायचं, अन् मंत्र्याला वाटा द्यायचा. सगळ्या जगात हेच चाललंय, असं त्यात म्हणलंय."

सर उभ्याउभ्या भिंतीला टेकले. "म्हणजे... मला कळला होता?"

"पुरा कळला होता."

सरांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. चांगुणाबाईंना सांगायला ते तरातरा निघून गेले.

गुंडप्पा दाराकडं बघत राहिले. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "रोजच्यावानी माझं नाव ठेवलं असतं, तर लोक 'मार गुंडप्पाला' म्हणून हसले असते अन् घरी गेले असते. कुणी काही शोधायला निघालं नसतं. ते नाव काढा म्हणून कोन म्हणलं होतं गं?"

आतून बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला.

"अन् तो पिक्चर? फोनवर किती नावं सांगितली त्यानं. हाच कुणी निवडला?"

नीलम्मांनी लेकीकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते कळलं नाही. गुंडप्पा ताडकन ताठ बसले. आपल्याच घरात, आपल्याच चुलीपुढं, एवढीशी पोर!

"रुद्राणी! तू... तू मला घरातच का न्हाई सांगितलं?"

रुद्राणी कप घेऊन बाहेर आली. बापाच्या समोर बसली.

"सांगितलं होतं, अप्पा. रोज सांगितलं होतं. चहा देताना."

गुंडप्पांनी मान खाली घातली. रुद्राणीनं कप त्यांच्या पुढं सरकवला.

"घ्या. सकाळी साहेबांनी दुसरा टँकर धाडला. बघा बरं, वास येतो का?"

गुंडप्पांनी कप उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून चांगला छाती भरून वास घेतला. मग एक घोट घेतला. मग आणखी एक.

"इलायची टाकली का?" त्यांनी विचारलं.

"आज टाकली."

"हाव," गुंडप्पा म्हणाले, "आली वासाला."